फितूर कोणाला म्हणायचे? : आमोस ओझ यांच्या ‘पांतेर बामार्तेफ’विषयी

लोदमध्ये आमचे एक छोटेसे वाचनमंडळ आहे. महिन्यातून एकदा, शब्बाथ संपल्यावर, दहा-बारा जण कोणाच्या तरी घरी जमतात. पुस्तक हिब्रू असते, चर्चा मराठीत चालते, आणि चहा मात्र आले घालून उकळलेला असतो. गेल्या हिवाळ्यात आम्ही आमोस ओझ यांची ‘पांतेर बामार्तेफ’ म्हणजे ‘तळघरातला पँथर’ ही कादंबरी वाचायला घेतली. ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. पुस्तक लहान आहे, दोन बैठकांत संपते. आमच्या मंडळातील सर्वांत वयस्कर सभासदांना आम्ही सगळे नाना म्हणतो. त्यांनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवले आणि म्हणाले, “तीन पोरांचा लुटुपुटूचा खेळ. यात एवढे चर्चा करण्यासारखे काय आहे?”

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे नानांना उशिरा दिलेले उत्तर समजावे.

कादंबरी १९४७ च्या उन्हाळ्यातील यरुशलेममध्ये घडते. ब्रिटिशांचे राज्य संपायला जेमतेम वर्ष उरले आहे, पण ते त्या दिवशी कोणालाच ठाऊक नाही. रस्त्यांवर संचारबंदी आहे, घरांच्या झडत्या होत आहेत. शब्दांचे वेड असलेला बारा वर्षांचा एक मुलगा, ज्याला सगळे ‘प्रोफी’ म्हणजे छोटा प्रोफेसर म्हणतात, आपल्या बेन हूर आणि चिता या दोन मित्रांबरोबर एक भूमिगत संघटना काढतो. संघटनेचे नाव ‘स्वातंत्र्य किंवा मृत्यू’. बेन हूर सेनापती, प्रोफी अक्कलवान, चिता हुकमाचा ताबेदार. घरातील मोडक्यातोडक्या सामानातून हे तिघे लंडनच्या राजवाड्यावर सोडण्यासाठी रॉकेट बनवू पाहतात. एका संध्याकाळी संचारबंदीच्या वेळेनंतर प्रोफी रस्त्यावर सापडतो. त्याला पकडणारा ब्रिटिश सार्जंट डनलॉप जाडा, दम्याने बेजार आणि भिडस्त माणूस आहे. तो मुलाला चौकीवर नेत नाही, घरी पोचवतो. पुढे दोघांत एक करार होतो. मुलाने सार्जंटला आजची हिब्रू शिकवायची आणि सार्जंटने मुलाला इंग्रजी. एका कॅफेत ते भेटू लागतात. मुलगा स्वतःची समजूत घालतो की आपण शत्रूकडून गुपिते काढत आहोत. पण एक दिवस घराच्या भिंतीवर त्याला फितूर ठरवणारी अक्षरे रंगवलेली दिसतात, आणि त्याच्याच मित्रांचे ‘लष्करी न्यायालय’ त्याच्यावर खटला भरते.

नानांचे म्हणणे खोटे नाही. हा खेळच आहे. पण ओझ यांनी त्या खेळात काय काय मांडले आहे ते पाहावे. संघटनेला प्रथम नाव मिळते. मग शपथ, मग हुद्दे, मग गुपित. शस्त्र अजून कुठेच नाही, रॉकेट तर उडणारच नाही. पण न्यायालय मात्र तयार आहे. शत्रूच्या एकाही शिपायाला ओरखडासुद्धा न काढता ही संघटना आपला पहिला कैदी पकडते, आणि तो कैदी तिच्याच तीन सभासदांपैकी एक असतो. मुलाने एकही गुपित फोडलेले नाही, हे खटल्यात सर्वांना कळते. तरीही आरोप टिकतो, कारण गुपित फोडणे हा आरोपच नाही. शत्रूविषयी जिव्हाळा वाटला, हा आरोप आहे. संघटनेबाहेरच्या एका माणसाकडे माणूस म्हणून पाहिले, एवढाच त्याचा गुन्हा.

हे फक्त पोरांमध्ये घडते काय? ज्या संघटनांची ही मुले नक्कल करत होती त्यांच्याकडेच पाहू. हगाना १९२० मध्ये स्थापन झाली. तिच्यातून १९३१ मध्ये फुटून निघालेल्यांची पुढे इरगुन झाली, आणि इरगुनमधून १९४० मध्ये लेही वेगळी झाली. शत्रू एक, पण प्रत्येकीच्या मते बाकीच्या दोघींत काहीतरी फितुरी होती. नोव्हेंबर १९४४ मध्ये लेहीच्या दोघांनी कैरोमध्ये लॉर्ड मोईन यांची हत्या केली. त्यानंतर काही महिने हगानाने इरगुनच्या माणसांना धरले आणि काहींची नावे ब्रिटिशांना दिली. इतिहासात त्या काळाला ‘सेझोन’, म्हणजे शिकारीचा हंगाम, असे नाव पडले आहे. त्यानंतर वर्षभरात या तिन्ही संघटना एकत्र येऊन ब्रिटिशांशी लढल्या. २२ जुलै १९४६ रोजी इरगुनने किंग डेव्हिड हॉटेल उडवले, त्यात ९१ माणसे मेली, आणि त्यानंतर ती युती मोडली. कालचा फितूर आज भागीदार आणि उद्या पुन्हा फितूर.

आणि न्यायालय म्हणाल तर तेही खरे होते. मेइर तोबियान्स्की हे हगानामधले अधिकारी. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ब्रिटिश सैन्यात काम केले होते आणि यरुशलेमच्या वीज कंपनीत ते नोकरीला होते. ३० जून १९४८ रोजी, म्हणजे राज्य स्थापन होऊन सहा आठवडे झाले असताना, त्यांना पकडून एका ओसाड पडलेल्या गावात नेले. शत्रूला माहिती पुरवल्याचा आरोप ठेवला, तिथल्या तिथे ‘खटला’ चालवला, आणि त्याच दिवशी गोळ्या घातल्या. वकील नाही, अपील नाही. पुढच्या वर्षी सरकारने त्यांना निर्दोष जाहीर केले. ज्या अधिकाऱ्याने हा खटला चालवला त्याच्यावर नंतर खटला झाला, तो दोषी ठरला, आणि त्याला नाममात्र एक दिवसाची शिक्षा झाली. नाना, बेन हूरच्या न्यायालयात आणि त्या ओसाड गावातल्या न्यायालयात एक बंदूक सोडली तर मला फारसा फरक दिसत नाही. ओझ यांनी बंदूक काढून घेतली, म्हणून आतले यंत्र आपल्याला नीट दिसले. माझ्या मते हे या पुस्तकाचे सर्वांत मोठे यश आहे.

आपण मराठी शाळेत शिकलो तेव्हा फितूर म्हटले की सूर्याजी पिसाळ एवढेच समीकरण होते. फितूर म्हणजे पैशासाठी किंवा वतनासाठी किल्ला देणारा. ओझ यांच्या मुलाला काहीच मिळत नाही. चार इंग्रजी शब्द आणि एका एकट्या माणसाचा सहवास, एवढेच. म्हणून ‘फितूर’ या शब्दाचा अर्थ ही कादंबरी आपल्याला पुन्हा तपासायला लावते. हिब्रूमध्ये फितुराला ‘बोगेद’ म्हणतात आणि कपड्याला ‘बेगेद’. दोन्ही शब्दांची अक्षरे तीच, बेत, गिमेल, दालेत. कपडा आणि फितुरी यांचा अर्थाने काही संबंध असो वा नसो, हे पुस्तक वाचताना मला मात्र तो जोडल्याशिवाय राहवले नाही. त्याचे कारण माझ्या घरात आहे.

माझे वडील १९४१ मध्ये अलिबागहून मुंबईला जाऊन सैन्यात भरती झाले. अर्थात तेव्हाचे सैन्य म्हणजे इंग्रजांचे हिंदी सैन्य. आपल्या समाजाला यात काही नवल नाही. कंपनी सरकारच्या काळापासून आपल्या घराघरांत सुभेदार आणि हवालदार होऊन गेले. मुंबईत १७९६ मध्ये आपली पहिली मशीद बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हेही कंपनीच्या पलटणीतलेच. वडील हवालदार कारकून होते, त्यांची नेमणूक इजिप्तमध्ये होती. १९४३ मध्ये त्यांना रजा मिळाली आणि ते आगगाडीने यरुशलेमला गेले. वाटेत जिथे गाडी बदलली ते स्टेशन म्हणजे हेच आमचे लोद. शाआर याफोसमोर त्यांनी एक फोटो काढून घेतला. खाकी अर्धी चड्डी, बाहीवर तीन पट्ट्या, चेहऱ्यावर हसू. पिढ्यान्‌पिढ्या ज्या शहराकडे तोंड करून प्रार्थना केली त्या शहरात घराण्यातला पहिला माणूस उभा होता, तो ज्या कपड्यात उभा होता त्याच कपड्यावर प्रोफी आणि बेन हूर रॉकेट रोखून होते. हवालदार म्हणजे सार्जंटच. अंगावरचे कापड डनलॉपचेच.

आम्ही १९६३ मध्ये अलिया केली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. तीन वर्षांनी शाळेत स्वातंत्र्यदिनाच्या प्रदर्शनासाठी शिक्षकांनी सर्वांना घरून लढाईच्या काळातले फोटो आणायला सांगितले. कोणाचा काका पालमाखमध्ये होता, कोणाचा बाप इरगुनमध्ये. मी मोठ्या अभिमानाने वडिलांचा फोटो नेला. एका मुलाने तो हातात घेतला आणि मोठ्याने म्हणाला, “हा तर इंग्रजांचा शिपाई!” वर्ग हसला. मी फोटो दप्तरात टाकला. घरी आल्यावर आईच्या लुगड्यांखाली, पत्र्याच्या पेटीच्या तळाशी लपवला. संध्याकाळी वडिलांनी विचारले, “लावला का रे फोटो?” मी म्हटले, “लावला.” त्यांना प्रदर्शन पाहायला यायचे होते. मी सांगितले की आईवडिलांना बोलावलेले नाही. त्यांनी पुन्हा विचारले नाही. मला वाटते त्यांना समजले असावे.

म्हणून सांगतो, या कादंबरीतील डनलॉपला मी नुसता ब्रिटिश सार्जंट म्हणून वाचू शकलो नाही. तो बायबलमधून हिब्रू शिकलेला आहे, म्हणून त्याचे बोलणे रस्त्यावरच्या लोकांना पोथीतल्यासारखे वाटते. ते वाचताना आमच्या मंडळात सगळे हसले, आणि मग हळूहळू हसू ओसरले. आपल्या वडीलधाऱ्यांची हिब्रू तरी दुसरी कुठून आली होती? ती सिद्दूरमधून आली होती. माझे वडील बसच्या ड्रायव्हरशी बोलताना स्वतःला ‘आनी’ न म्हणता ‘आनोखी’ म्हणत, आणि मागच्या बाकावर आम्ही भावंडे लाजेने खिडकीबाहेर पाहत असू. ओझ यांनी हे आपल्यासाठी लिहिलेले नाही. पण बाहेरून आलेल्या माणसाची भाषा, त्याचा कपडा आणि त्याचे एकटेपण त्यांनी इतके नेमके टिपले आहे की आपण त्यात आपोआप सापडतो.

आता कादंबरीचे जे मला पटले नाही तेही लिहिले पाहिजे, नाहीतर ही समीक्षा नसून स्तुती होईल.

पहिली गोष्ट डनलॉपचीच. ओझ यांनी त्याला फार निरुपद्रवी करून टाकले आहे. जाडा, घामाघूम, दमेकरी, बायबलभक्त. असा शत्रू आवडायला कितीसा वेळ लागणार? मुलाची खरी परीक्षा तेव्हा झाली असती, जेव्हा सार्जंट तरतरीत असता, कधी प्रेमळ आणि कधी क्रूर असता, झडतीच्या वेळी कोणाच्या तरी आईला ढकलून घरात शिरला असता. मग त्याच्याशी मैत्री ठेवायची की नाही, हा प्रश्न वाचकालाही छळला असता. इथे वाचक पहिल्या भेटीपासून मुलाच्या बाजूने उभा राहतो. निकाल आधीच लागलेला असतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. कादंबरी १९४७ च्या उन्हाळ्यातली. त्याच उन्हाळ्यात, २९ जुलै रोजी, ब्रिटिशांनी अक्कोच्या तुरुंगात इरगुनच्या तीन तरुणांना फाशी दिले. इरगुनने आधीच दोन ब्रिटिश सार्जंटांना ओलीस धरले होते. त्यानंतर त्या दोघांना मारण्यात आले आणि त्यांची प्रेते नेतान्याजवळ निलगिरीच्या झाडांना टांगलेली सापडली. एकाच्या खाली सुरुंगही पेरलेला होता. दोघेही कोवळ्या वयाचे होते. डनलॉपही सार्जंट आहे. ही गोष्ट ज्याला ठाऊक आहे तो वाचक पानोपानी त्या झाडांची वाट पाहतो. कादंबरी त्या राईत शिरत नाही. मुलांची संघटना शिक्षा सुनावते, पण ती शिक्षा म्हणजे बहिष्कार. मोठ्यांच्या संघटनेने काय केले असते, ते ओझ आपल्यावर सोडतात.

ते धाडस एली विझेल यांनी १९६० मध्येच केले होते. त्यांच्या ‘पहाट’ या लहान कादंबरीचा नायक एलिशा छळछावणीतून वाचलेला अठरा वर्षांचा तरुण आहे. भूमिगत संघटना त्याला पॅलेस्टाइनमध्ये आणते. ब्रिटिश त्यांच्या एका साथीदाराला पहाटे फाशी देणार आहेत, म्हणून त्याच पहाटे ओलीस ठेवलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्याला मारायचे काम एलिशावर येते. तो तळघरात जातो, त्या माणसाशी बोलतो, त्याच्या मुलाबद्दल ऐकतो, त्याचा द्वेष करायचा प्रयत्न करतो, पण द्वेष काही येत नाही. तरीही तो गोळी घालतो. ओझ यांच्या तळघरात कल्पनेतला पँथर आहे, विझेल यांच्या तळघरात ओलीस ठेवलेला माणूस आहे. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली तर एकच प्रश्न दोन टोकांनी विचारलेला दिसतो. हातात शस्त्र असलेल्या संघटनेत ‘मला हे जमणार नाही’ असे म्हणणाऱ्याला जागा असते का? प्रोफीला जागा नव्हती. एलिशाने जागा मागितलीच नाही.

कोणी म्हणेल, हे सारे राज्य मिळण्यापूर्वीचे. राज्य आले की असल्या संघटनांचे काम संपते. काम संपते हे खरे, पण संघटना आपोआप संपत नाहीत. २६ मे १९४८ च्या हुकमाने इस्राएलचे संरक्षणदल स्थापन झाले आणि दुसरे कोणतेही सशस्त्र दल ठेवण्यास मनाई झाली. महिनाही झाला नव्हता तोच इरगुनचे ‘आल्तालेना’ जहाज शस्त्रे घेऊन आले. ती कोणाच्या ताब्यात द्यायची यावरून वाद पेटला. २२ जून रोजी तेल अवीवच्या किनाऱ्यावर बेन गुरियन यांच्या सरकारच्या तोफेने ते जहाज पेटवले. त्या दिवसांत इरगुनची १६ आणि सैन्याची ३ माणसे मेली. मेनाखेम बेगीन जहाजावर होते. त्यांनी आपल्या माणसांना भावांवर उलट गोळी झाडायला मनाई केली. बेन गुरियन यांचे बरोबर की चूक, यावर आजही लोदच्या बाकांवर वाद झडतात, आणि ते झडोत. पण गोळी न झाडण्याचा तो हुकूम इरगुनच्या अनेक धाडसांपेक्षा मोठा होता, असे मला वाटते. पुढे बेगीन मतपेटीतून १९७७ मध्ये पंतप्रधान झाले. आपल्याकडे सातारचे पत्री सरकार चालवणारे क्रांतिसिंह नाना पाटीलही स्वातंत्र्यानंतर निवडणूक लढवून लोकसभेत गेले. भूमिगतांचा शेवट असा झाला तर तो शेवट चांगला.

आणि कायद्याने उभारलेल्या निमलष्करी दलाचे काय? तिथे तरी हा प्रश्न सुटतो का? ओझ यांच्या कादंबरीत संचारबंदी आहे. संचारबंदीनंतर सापडलेल्या मुलाला बंदूकधारी माणूस घरी पोचवतो. २९ ऑक्टोबर १९५६ रोजी काफर कासिम गावात काय झाले ते आठवावे. सीमादलाने, म्हणजे मगावने, संध्याकाळी पाचपासून संचारबंदी लावली होती. शेतावर आणि कामावर गेलेल्या गावकऱ्यांना ती लागल्याचे ठाऊकच नव्हते. ते घरी परतत असताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ४० हून अधिक माणसे मेली, त्यांत बायका आणि मुलेही होती. दल कायद्याचे होते, हुकूम वरून आलेला होता. त्याच संध्याकाळी इतर गावांतील काही अधिकाऱ्यांनी मात्र तो हुकूम बाजूला ठेवला आणि परतणाऱ्यांना घरी जाऊ दिले. नंतर खटल्यात न्यायाधीश बिन्यामिन हालेवी यांनी सांगितले की काही हुकमांवर बेकायदेशीरपणाचा काळा झेंडाच फडकत असतो आणि असा हुकूम पाळायचा नसतो. म्हणजे बेन हूरच्या न्यायालयाने ज्याला फितुरी म्हटले, ते देशाच्या न्यायालयाने शिपायाचे कर्तव्य ठरवले. माझा नातू आज मगावमध्ये आहे. प्रशिक्षणात हे शिकवले, असे तो सांगतो. ते ऐकून मला बरे वाटते, पण रात्रीची काळजी काही जात नाही.

हे सारे मला जुन्या पुस्तकातले वाटले असते, पण मे २०२१ मध्ये लोद पेटले. वाचकांपैकी अनेकांनी ते दिवस इथेच काढले आहेत. आपल्याच शेजाऱ्यांमध्ये दंगल झाली, सिनेगॉग जळाले, गाड्या जळाल्या, एक अरब आणि एक यहुदी जिवानिशी गेला. शहरात आणीबाणी जाहीर झाली, मगावच्या तुकड्या आल्या. त्या येण्यापूर्वी आम्ही दारे लावून अंधारात बसलो होतो, आणि पोलिसांना फोन केला तर यायला वेळ लागत होता, हे मी विसरलेलो नाही. अशा रात्री कोणीही बंदूक घेऊन आला तर देवदूत वाटतो. बाहेरगावांहून हत्यारबंद तरुण आलेही. आम्हाला वाचवायला आलो आहोत, असे म्हणाले. आमच्या जिन्यात त्यांच्यापैकी दोघांनी विचारले, “या इमारतीत अरब कोणत्या मजल्यावर राहतात?” माझ्या शेजारच्या बाईंनी, ज्यांनी आदल्या रात्री भीतीने डोळ्याला डोळा लावला नव्हता, शांतपणे सांगितले, “इथे सगळे आमचेच राहतात.” तिसऱ्या मजल्यावर एक अरब कुटुंब होते, आजही आहे. त्या तरुणांच्या लेखी त्या बाई फितूर. माझ्या लेखी त्या रात्री इमारतीचे रक्षण त्यांनीच केले.

त्या तरुणांना मी खलनायक म्हणणार नाही. भीती खरी होती, आणि राज्य दारात पोचायला उशीर करते तेव्हा असल्या टोळ्यांना जागा मिळते, हा दोष राज्याचाही आहे. पण त्यांच्यापैकी कोणी चूक केली असती तर आम्ही कोणाकडे दाद मागणार होतो? मगावच्या शिपायाच्या छातीवर नाव असते, त्याच्यावर अधिकारी असतो, अधिकाऱ्यावर न्यायालय असते. ते सारे पुरेसे नसते, हे काफर कासिमने दाखवले आहे. पण काहीतरी असते. जिन्यातल्या दोघांना नावही नव्हते.

इथे आपल्या समाजाचा एक अनुभव सांगावासा वाटतो, कारण तो या देशाच्या कथाकादंबऱ्यांत सहसा येत नाही. १९६२ मध्ये मुख्य रब्बीनेटने आपल्या लोकांच्या विवाहांबाबत पूर्वजांच्या चौकशीचे निर्देश काढले. आपल्या यहुदीपणावरच प्रश्नचिन्ह लागले. त्या काळी आपल्या समाजात सैन्यातून निवृत्त झालेले पुष्कळ होते, बंदूक चालवता येत नाही असे घर विरळा. पण आपली माणसे १९६४ च्या उन्हाळ्यात यरुशलेमला बायकामुलांसह रस्त्यावर सत्याग्रहाला बसली. ऑगस्टमध्ये क्नेसेतने बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदीच आहेत असा ठराव केला, आणि रब्बीनेटला त्या निर्देशांतून आपले नाव काढावे लागले. त्या लढ्यात सगळ्यांचे एकमत होते असे नाही. पण वेगळे मत मांडणाऱ्याला जंगलात नेऊन कोणी खटला भरला नाही. भारतातून आपण जे आणले त्यात मलिद्याच्या ताटाबरोबर हेही होते.

ओझ स्वतः अशाच घरात वाढले जिथे बेगीन यांच्या पक्षाला मान होता. पुढे ते दुसऱ्या बाजूला गेले, आणि २०१८ मध्ये वारले तोपर्यंत त्यांना अनेकदा फितूर म्हटले गेले. या कादंबरीच्या शेवटी निवेदक स्वतःलाच विचारतो की ही गोष्ट सांगून आपण पुन्हा सर्वांचा विश्वासघात केला, की न सांगितली असती तर तो विश्वासघात झाला असता. डनलॉपचे पुढे काय झाले, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. पुस्तकातील हा भाग मला सर्वांत जास्त लागला. वर सांगितलेल्या उणिवा असूनही मी हे पुस्तक प्रत्येक घरात असावे असे म्हणेन, विशेषतः ज्या घरातली मुले येत्या वर्षी त्सावामध्ये किंवा मगावमध्ये जाणार आहेत त्या घरात. भाषा सोपी आहे, उल्पानच्या हिब्रूवरही वाचता येईल. आणि त्यानंतर विझेल यांचे पुस्तक जरूर वाचावे, म्हणजे पहिल्याने हात राखून जे सांगितले नाही ते दुसऱ्यात मिळेल.

माझे वडील १९८९ मध्ये गेले. फोटो लपवल्याचे मी त्यांना कधी सांगितले नाही. वाचनमंडळाच्या त्या बैठकीनंतर मी पेटी उघडली. फोटोच्या एका कडेला वाळवी लागली आहे, पण चेहरा शाबूत आहे. आता तो दिवाणखान्यात नातवाच्या मगावमधल्या फोटोशेजारी लावला आहे. नातू रजेवर आला तेव्हा बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “आबा, हे इंग्रजांच्या सैन्यात होते?” मी म्हटले, “होय, हवालदार होते.” मग बसलो आणि त्याला सगळे सांगितले. शाळेतल्या प्रदर्शनाचेसुद्धा.